मिश्र वॅक्स लावल्यावर गडद गाडीवर पुन्हा पुन्हा येणारा धुरकटपणा: कारण कसं ओळखायचं, उपाय काय करायचा

गाडी काळी, गडद निळी किंवा मरून असेल आणि तुम्ही दोन वॅक्स एकत्र करून किंवा घरी मेण वितळवून लावत असाल, तर हा अनुभव ओळखीचा असेल. संध्याकाळी पुसून झाल्यावर बॉनेटमध्ये समोरच्या इमारतीच्या खिडक्या स्पष्ट दिसतात. दुसऱ्या दिवशी त्याच बॉनेटवर दुधाळ पट्टे असतात. फडकं फिरवलं की जातात, दुपारी परत येतात. मग बहुतेक जण मिश्रणात कार्नोबा, म्हणजे झाडापासून मिळणारं कडक मेण, वाढवतात आणि पट्टे आणखी ठळक होतात.

या तक्रारीत मेणाचा दोष क्वचितच असतो. पेंटवर काहीतरी मागे राहिलेलं असतं: न उडालेलं सॉल्व्हंट (मेण पातळ करणारं द्रव), जास्तीचं तेल, जुन्या थराचे अवशेष किंवा पाण्यातले क्षार. त्यातलं नेमकं काय, हे धुरकटपणा केव्हा दिसतो यावरून कळतं. पुसतानाच दिसतो, रात्र उलटल्यावर दिसतो, की गाडी धुतल्यानंतर दिसतो? या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर प्रकरण चिघळतं.

आधी वॅक्सखाली काय आहे ते बघा

मिश्रणाचं प्रमाण बदलण्याआधी बॉनेटचा एक भाग पूर्ण उघडा करून बघा. बॉनेटच्या मधोमध पेंटवाले वापरतात ती मास्किंग टेप उभी लावा. एका बाजूचं वॅक्स काढायचं, दुसरी तशीच ठेवायची. काढताना मायक्रोफायबरवर थोडं एमटीओ, म्हणजे रंगाच्या दुकानात टर्पेंटाइन म्हणून मिळतं ते, घेऊन हलक्या हाताने पुसा. हेडलाइट, रबर आणि काळ्या प्लॅस्टिकला ते लागू देऊ नका. मग साध्या कार शाम्पूने तेवढा भाग धुऊन वाळवा. शेवटी एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तीन भाग डिस्टिल्ड पाणी असं मिश्रण फवारून पुसा. डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं, तेच चालतं. नुसत्या अल्कोहोलने मेण नीट निघत नाही, ते उरलेल्या तेलासाठी आहे. म्हणून आधी एमटीओ, मग शाम्पू, मग अल्कोहोल हा क्रम मोडू नका.

आता सावलीत उभं राहून टॉर्च तिरकी धरा. उघड्या भागावरही धुरकटपणा दिसत असेल, तर तो पेंटचाच आहे. गोल जाळीसारखे बारीक ओरखडे दिसले तर ते धुण्या-पुसण्याचे. टॉर्च हलवल्यावर सोबत सरकणारे लांब, इंद्रधनुषी पट्टे दिसले तर ते रोटरी मशीनने घाईत केलेल्या बफिंगचे, ज्याला होलोग्राम म्हणतात. या दोन्हींवर जगातलं कुठलंही मिश्रण टिकाऊ उपाय नाही. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ४० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो आणि पुसून उरलेला वॅक्सचा थर त्याच्या तुलनेत नगण्य असतो. तो खड्डे सपाट करू शकत नाही.

मग वॅक्स लावल्यावर ओरखडे दिसेनासे का होतात? वॅक्समधलं तेल आणि मेण प्रकाशाला जवळपास क्लिअर कोटइतकंच वळवतात. ओरखड्यात ते भरलं की प्रकाश विखुरत नाही आणि डोळ्याला गुळगुळीत दिसतं. पुढच्या काही दिवसांत तेल निघून जातं, ओरखडे उघडे पडतात आणि आपल्याला वाटतं की वॅक्स धुरकटलं. हा प्रकार मी सर्वांत जास्त पाहिला आहे. अशा वेळी बारीक फिनिशिंग पॉलिश करून घ्या आणि मगच वॅक्सकडे वळा.

आपल्याकडे ओरखड्यांचं मोठं कारण म्हणजे सोसायटीत रोज सकाळी होणारी पुसाई. एक बादली, एक फडकं आणि पंधरा गाड्या. त्या फडक्यातली धूळ पेंटवर घासली जाते. गाडी पुसणाऱ्या दादांना वेगळं मायक्रोफायबर देऊन ठेवा, आणि कोरडी धूळ असेल त्या दिवशी फक्त काचा पुसायला सांगा. त्यांचं म्हणणं ऐकतही जा. "साहेब, आज फडकं ओढतंय, गाडी चिकट लागतेय," असं मला पार्किंगमधल्या दादांनी सांगितलं होतं, आणि मिश्रणात तेल जास्त आहे हे त्या एका वाक्यात कळलं. रोज हात फिरवणाऱ्याला पेंटमधला फरक डोळ्यांच्या आधी बोटांना जाणवतो.

मिश्रणात कोण काय करतं

निदान करायचं तर घटकांचं काम माहीत हवं. कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागात, सिआरा आणि पिआवी या राज्यांत वाढणाऱ्या ताडाच्या जातीतल्या झाडाच्या पानांवरचं मेण. ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं. शुद्ध कार्नोबाचा तुकडा हातात घ्या: नखाने दाबला तर खूण उमटत नाही, वाकवायला गेलं तर टचकन तुटतो. तो तसाच गाडीवर पसरवणं अशक्य आहे. म्हणून प्रत्येक पेस्ट वॅक्समध्ये त्याला मऊ करणारं काहीतरी असतंच, डब्यावर कितीही टक्के छापलेले असोत. फिकट पिवळी टी-१ प्रत पांढऱ्या गाडीला बरी. गडद प्रत काळ्या-निळ्या गाडीवर चालते.

मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. ते चिवट आहे, कार्नोबाचे कण एकमेकांत धरून ठेवतं आणि पेस्ट दाणेदार होऊ देत नाही. मेणबत्तीचं मेण म्हणजे पॅराफिन, बहुतेकदा ५० ते ६० अंशांच्या दरम्यान वितळणारं. मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या उन्हात काळं बॉनेट ६५-७० अंशांपर्यंत सहज तापतं. पॅराफिनचं प्रमाण जास्त असलेला थर तिथे मऊ पडतो आणि धूळ धरतो. स्वस्त म्हणून मेणबत्त्या वितळवण्याचा मोह टाळाच.

सॉल्व्हंट मेणाला पातळ करून पेंटवर पसरवतं आणि उडून जातं. तेल उडत नाही. ते ओलसर, खोल चमक देतं आणि जास्त झालं की सगळा त्रास तेच देतं. हा फरक लक्षात ठेवला तर पुढचं निम्मं निदान आपोआप होतं.

पुसतानाच फराटे उठत असतील

इथे पहिला संशय थराच्या जाडीवर घ्यावा. संपूर्ण बॉनेटला चण्याएवढं वॅक्स पुरतं. फोमच्या पॅडवर घेऊन इतकं पातळ पसरवा की तिरकं बघितल्याशिवाय ते दिसू नये. जाड थराचा वरचा पापुद्रा वाळतो, खालचं सॉल्व्हंट अडकतं आणि फडकं लावलं की सगळं एकत्र फरपटतं.

दुसरा संशय वेळेवर. डब्यावर लिहिलेली मिनिटं मिश्रणाला लागू पडत नाहीत, कारण तुम्ही सॉल्व्हंटचं प्रमाण बदललेलं असतं. बोटाने ठरवा. वाळत आलेल्या थरावरून बोट एकदा सरळ ओढा. मागे स्वच्छ, चकचकीत रेघ उमटली तर पुसायची वेळ झाली. रेघ तेलकट राहिली, कडेला मेण गोळा झालं तर थांबा. मार्च-एप्रिलमध्ये पुण्यात सावलीतही हे पटकन होतं, डिसेंबरच्या सकाळी बराच वेळ लागतो. उलट, तापलेल्या पत्र्यावर लावलं तर सॉल्व्हंट झटकन उडतं आणि मेण जागच्या जागी घट्ट बसतं. तेव्हा पुसायला जोर लागतो आणि जोरामुळे नवे ओरखडे पडतात. बॉनेटवर तळहात आरामात ठेवता आला पाहिजे, एवढा पत्रा थंड हवा.

तिसरा संशय दोन डबे मिसळणाऱ्यांसाठी. बाजारातल्या काही वॅक्समध्ये पॉलिशचे बारीक घासणारे कण असतात. डब्यावर 'क्लीनर वॅक्स' किंवा 'पॉलिश अँड वॅक्स' असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते शुद्ध मेणाच्या पेस्टमध्ये मिसळलं तर कण मेणात अडकतात, पुसताना पांढरी पूड उरते आणि दारांच्या फटीत, लोगोच्या अक्षरांत जाऊन बसते. आधीच्या थरावर असं वॅक्स लावलं तर ते खालचा थर खरवडूनही काढतं. या जातीचं वॅक्स मिश्रणात घेऊच नका. हवं तर आधी स्वतंत्र वापरा, धुऊन टाका, मग मिश्रण लावा.

पातळ सिलिकॉनयुक्त वॅक्स आणि कार्नोबा पेस्ट यांची जोडीही मला पसंत नाही. सिलिकॉन तेलामुळे पसरतं छान, पण पुसताना ते फडक्यासोबत फिरत राहतं आणि काळ्या रंगावर तेलकट कमानी दिसतात. शिवाय पुढे कधी त्या पॅनेलला रंग द्यायची वेळ आली, तर उरलेल्या सिलिकॉनमुळे नव्या पेंटला माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. डेंटिंग-पेंटिंगला गाडी देताना तुम्ही काय वापरता ते कारागिराला आवर्जून सांगा.

फडकंही तपासा. मायक्रोफायबर धुताना कपडे मऊ करणारं लिक्विड घातलं असेल, तर त्याचा लेप धाग्यांवर राहतो आणि पुसताना पट्टे उठतात. गरम पाणी आणि थोडं लिक्विड डिटर्जंट पुरेसं आहे.

रात्र उलटल्यावर धुरकटपणा येत असेल

हा सर्वांत चिवट प्रकार. संध्याकाळी सगळं उत्तम असतं, त्यामुळे लावण्याच्या पद्धतीवर कुणी शंका घेत नाही. कारणं तीन असू शकतात आणि ती ओळखायची चाचणी सोपी आहे. सकाळी स्वच्छ, किंचित ओलसर मायक्रोफायबर एकदाच फिरवा आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपा.

धुरकटपणा गेला आणि दिवसभर परत आला नाही, तर ते दव होतं. रात्री उघड्यावर उभ्या गाडीचा पत्रा हवेपेक्षा थंड होतो आणि वाफ त्यावर जमते. वॅक्स लावलेल्या पृष्ठभागावर तिचे सूक्ष्म थेंब वेगवेगळे राहतात, धूळ पकडतात आणि वाळल्यावर ठिपके सोडतात. मिश्रणात दोष नाही. पण याच कारणाने पहाटे वॅक्स लावू नये, विशेषतः पावसाळ्यात आणि कोकणात. पत्रा कोरडा दिसत असला तरी त्यावर ओलाव्याची पातळ साय असते आणि मेण तिच्यावर बसतं, पेंटवर नाही. सूर्य वर आल्यावर, गाडी सावलीत घेऊन लावा.

ओलं फडकं फिरवूनही पट्टे सरकले, पुसट झाले आणि दुपारी परत आले, तर ते तेल आहे. थर तापून थंड होताना मेणाची जाळी आखडते आणि तिच्यातलं जास्तीचं तेल वर येतं. इथे घरगुती मिश्रणांमधला नेहमीचा संशयित म्हणजे खोबरेल तेल. ते सुमारे २४ अंशांना वितळतं. पुण्यात जानेवारीच्या सकाळी बाटलीतलं खोबरेल गोठलेलं असतं हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. बॉनेटवरच्या थरातही तेच होतं: पहाटे गोठून दुधाळ, दुपारी वितळून तेलकट, आणि संध्याकाळपर्यंत त्यावर धूळ. दिवसातून दोनदा रूप बदलणारा घटक पेंटवर नको. त्याजागी औषधांच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन (हे द्रव खनिज तेल, मेणबत्तीचं मेण नव्हे) वापरा आणि तेही मिश्रणाच्या ५ टक्क्यांच्या आतच. गाडी उघड्या धुळीत उभी राहत असेल तर २ टक्के पुरे.

बॅटला लावतात म्हणून अळशीचं तेल घालणारेही भेटतात. ते हवेत वाळून कातडीसारखं कडक होतं, पिवळं पडतं आणि सहज निघत नाही. त्यापेक्षा मोठा धोका असा की अळशीचं तेल लागलेली फडकी चुरगाळून ठेवली तर आपोआप तापत जाऊन पेट घेऊ शकतात. हे अतिशयोक्त वाटेल, पण लाकूडकामाच्या कारखान्यांत या कारणाने आगी लागलेल्या आहेत. वॅक्समध्ये ते घालू नका.

तिसरं कारण चुकीचं सॉल्व्हंट. एमटीओ साधारण १४५ ते २०५ अंशांच्या पट्ट्यात उकळतं आणि खोलीच्या तापमानाला बऱ्यापैकी स्वच्छ उडून जातं. रॉकेलमधला मोठा भाग त्याहून जड असतो, तो थरात दिवसेंदिवस रेंगाळतो. वास येत राहणं ही त्याची खूण. सकाळी बॉनेटजवळ नाक नेल्यावर रॉकेलचा वास आला, तर आणखी काही तपासायची गरज नाही. खरं, पाइनच्या डिंकापासून काढलेलं टर्पेंटाइन जुनं झालं असेल तर तेही चिकट अवशेष सोडतं. बाटली उघडून बरेच महिने झाले असतील तर ती ब्रश धुवायला ठेवा. आणि एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोज रंग पातळ करायचं द्रव) हातात धरण्याचाही विचार करू नका, त्यातली सॉल्व्हंट पेंटच मऊ करतात.

धुतल्यानंतर येत असेल

इथे वॅक्सपेक्षा पाण्याकडे बघा. पुण्याच्या उपनगरांत, छत्रपती संभाजीनगरात, सोलापुरात बोअरवेलचं पाणी जड असतं. उन्हात ते वाळलं की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मेणावर चिकटतात आणि गोल, पांढुरके डाग दिसतात. ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर तेवढंच पाणी घालून लावा, थोडा वेळ ठेवा आणि धुवा. हे केल्यावर तिथलं वॅक्स कमजोर होतं, तेव्हा तेवढ्या भागावर पुन्हा हात मारावा लागतो. शेवटची धार नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याची घेतली आणि लगेच टिपली तर डाग पडतच नाहीत.

भांड्यांच्या साबणाने किंवा कपड्यांच्या पावडरने गाडी धुत असाल तर तेल आणि मेण दोन्ही ठिकठिकाणी निघतं. उरलेला भाग चकचकीत, निघालेला भाग फिका, असा चट्ट्यापट्ट्यांचा धुरकटपणा दिसतो.

एकाच पॅनेलवर येत असेल

बाकी गाडी छान आणि फक्त डावं फेंडर दुधाळ, तर ते फेंडर रंगवलेलं आहे का ते आठवा किंवा जुन्या मालकाला विचारा. गॅरेजमध्ये दिलेल्या रंगातली सॉल्व्हंट पूर्ण बाहेर पडायला वेळ लागतो. दोन-तीन महिने तरी त्यावर वॅक्स लावू नये, असं सर्वसाधारण मत आहे आणि मलाही ते पटतं. सेकंडहँड गाडीत हा प्रकार हमखास आढळतो.

गाडीवर सिरॅमिक कोटिंग किंवा पॉलिमर सीलंट (मेणाऐवजी लावायचे कृत्रिम संरक्षक थर) असेल तर क्रम महत्त्वाचा. सीलंटवर वॅक्स चालतं. वॅक्सवर सीलंट बसत नाही, कारण त्याला पेंट पकडायचा असतो आणि मधे मेण असतं. दोन्ही एकाच डब्यात मिसळून एकदम लावणं तर निव्वळ नासाडी आहे: सीलंट पकडत नाही, मेण वाळत नाही, आणि हातात उरतो तो चिकट राप. सिरॅमिकवर कार्नोबा लावल्याने बिघडत काही नाही, फक्त कोटिंगचं धूळ-पाणी झटकण्याचं काम झाकलं जातं. एवढा खर्च करून ते झाकण्यात मला अर्थ दिसत नाही.

पेस्टच दाणेदार झाली असेल

डबा उघडल्यावर पेस्ट रवाळ लागत असेल, तर कार्नोबा सॉल्व्हंटमधून बाहेर पडून त्याचे खडे झाले आहेत. थंड सॉल्व्हंटमध्ये कार्नोबा फारसा विरघळत नाही. वितळलेल्या मेणात थंडगार एमटीओ ओतलं की ते तिथल्या तिथे गोठतं. असे दाणे पॅडखाली येऊन पेंटवर घासले जातात, म्हणून रवाळ पेस्ट तशीच वापरू नका.

गरम करण्याबद्दल मी कडक आहे. एमटीओची वाफ सुमारे ३०-४० अंशांपासूनच ठिणगीने पेटू शकते आणि वितळलेलं मेण त्याच्या दुप्पट तापलेलं असतं. गॅसच्या शेगडीजवळ, स्वयंपाकघरात, बंद खोलीत हे काम करायचं नाही. फक्त कोरडी मेणं, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून, वितळवायची. ती वितळली की भांडं उचलून अंगणात किंवा मोकळ्या गच्चीवर न्यायचं. तिथे जवळ ज्योत, सिगारेट, चालू स्विच काही नको. एमटीओची बाटली झाकण सैल करून गरम पाण्याच्या बादलीत, त्याच मोकळ्या जागी, आधीच कोमट करून ठेवलेली असावी. मग बारीक धारेने ओतत ढवळायचं आणि पेस्ट गोठेपर्यंत ढवळत राहायचं. ढवळणं मधेच थांबवलं तर खडे मोठे होतात. एका वेळी १०० ग्रॅमपेक्षा जास्त करू नका. धोका कमी राहतो आणि प्रमाण चुकलं तर नुकसानही थोडं.

१०० ग्रॅमसाठी मी धरतो ते प्रमाण असं: कार्नोबा १५, मधमाशीचं मेण ८, एमटीओ ७४, लिक्विड पॅराफिन ३. दागिने तोलायचा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन मिळतो, तो वापरा. चमच्याच्या मापाने केलेलं मिश्रण पुन्हा तसंच होत नाही आणि मग कुठल्या बदलाने धुरकटपणा गेला ते कधीच कळत नाही. विदर्भ-मराठवाड्यात मधमाशीचं मेण २ ग्रॅमने कमी करून तेवढं एमटीओ वाढवा, थर उन्हात घट्ट राहतो. कोकणात आणि मुंबईत आठच ठेवा, पावसात ते चिवटपणे टिकतं. कार्नोबा २० च्या पुढे नेल्यावर चमक वाढल्याचं मला दिसलेलं नाही. पुसण्याचा त्रास मात्र नक्की वाढतो.

ज्यांना वितळवण्याच्या फंदात पडायचं नाही, त्यांनी घासणारे कण नसलेल्या दोन पेस्ट वॅक्स घ्याव्यात, दोन्ही सॉल्व्हंटवाल्या. पाण्यातलं, मलईसारखं वॅक्स आणि सॉल्व्हंटवाली पेस्ट एकत्र केली तर ती फुटते, पाणी वेगळं आणि मेण वेगळं. दोन्ही डबे बंद झाकणाने गरम पाण्याच्या बादलीत थोडे मऊ करून, प्रत्येकी १० ग्रॅम एका काचेच्या बरणीत लाकडी काडीने मळा. तेवढ्यात अख्ख्या गाडीची चाचणी होते.

एका वेळी एकच बदल

टेपने बॉनेटचे दोन भाग करा, एकावर जुनं मिश्रण, एकावर नवं, आणि दोन्हींत फक्त एकाच गोष्टीचा फरक ठेवा. तेल बदललंत तर मेण बदलू नका. फोटो सावलीत, त्याच वेळी, त्याच कोनातून काढा. संध्याकाळचा फोटो फसवा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळचा आणि भर दुपारचा असे दोन काढले की तेल, दव आणि सॉल्व्हंट यांतला फरक समोर दिसतो.

दुसरा थर लावायचा तर पहिल्याला निदान रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या थरातलं सॉल्व्हंट पहिल्याला पुन्हा मऊ करतं, त्यामुळे लगोलग लावलेले चार थर म्हणजे प्रत्यक्षात एकच जाड, ओला थर. दुसऱ्या थराचा उपयोग पहिल्यात सुटलेल्या जागा भरण्यापुरता. तिसऱ्याचा मला उपयोग दिसत नाही. मॅट फिनिशच्या गाडीला हे काहीच लावू नका, वॅक्स पुसल्यावर तिथे चमकदार चट्टे उरतात. काळ्या बंपरच्या खरबरीत प्लॅस्टिकवर मिश्रण गेलं की ते पांढरं होऊन बसतं, म्हणून कडांना आधीच टेप लावा. लागलंच तर जुन्या दातांच्या ब्रशने आणि कोमट शाम्पूच्या पाण्याने लगेच घासा.

उरलेली पेस्ट घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत किंवा पत्र्याच्या डबीत ठेवा, कारण दह्याच्या-आइस्क्रीमच्या प्लॅस्टिक डब्यांना एमटीओ मऊ करतं. वर प्रमाण आणि तारीख लिहा. काही महिन्यांनी पेस्ट कडेपासून सुटली, तिला भेगा पडल्या तर सॉल्व्हंट उडालंय. एमटीओचे थोडे थेंब टाकून, बरणी गरम पाण्यात ठेवून, मळून घ्या. वास कुबट येत असेल तर टाकून द्या. एमटीओ लागलेली फडकी दोरीवर उघडी पसरून पूर्ण वाळू द्या आणि मगच धुवायला किंवा कचऱ्यात टाका.